पडदा पडल्यानंतरचा एमिनेम

'ग्रेटेस्ट हिट्स' या प्रकाराशी माझं पहिल्यापासून जमत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर हा संगीतातला 'लोकल ऑथर' आहे. मूळ रेफरन्स बुक जाडजूड, समजायला अवघड, त्यात लेखक मध्येच कुठेतरी भरकटून दहा पानं खातो. लोकल ऑथर काय करतो? मागच्या पाच वर्षांच्या पेपरांत जे जे आलं तेवढंच उचलतो, सोप्या भाषेत छापतो आणि आपल्याला पासिंगच्या पार नेऊन सोडतो. त्याचे उपकार फार मोठे आहेत, नाकारत नाही. पण सेमिस्टर संपल्यावर 'विषय काय कळला?' असं कुणी विचारलं की आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. हिट गाण्यांच्या संग्रहाचंही तसंच. गाणी सगळी येतात, माणूस येत नाही.

आणि तरीही यंदाच्या पीएलमध्ये आमच्या विंगमध्ये सगळ्यात जास्त वाजलेली, सगळ्यात जास्त भांडणं लावलेली गोष्ट म्हणजे असाच एक संग्रह. एमिनेमचा 'कर्टन कॉल टू'. ५ ऑगस्ट २०२२ ला आलेला. दोन भाग, तीसहून जास्त गाणी आणि काळ २००९ पासून पुढचा. म्हणजे ज्या वर्षांत हा गडी नवखाही नव्हता आणि निवृत्तही नव्हता, त्या मधल्या वर्षांचा हा हिशोब.

विंगमधलं बहुमत ठाम आहे. 'जुना एमिनेमच खरा. २००५ नंतर संपला तो.' गंमत म्हणजे असं म्हणणाऱ्यांपैकी निम्मे लोक २००५ साली पाळण्यात होते. पण मत काही त्यांनी एकट्यांनी बनवलेलं नाही. जगभरचे समीक्षकही साधारण हेच म्हणत आलेत. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. हा संग्रह म्हणून फसलेला आहे, हे मला मान्य. पण ज्या वर्षांतून तो काढलाय ती वर्षं या माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात मोलाची आहेत, आणि तुमच्या-माझ्यासारख्यांना तर पहिल्या वर्षांपेक्षा जास्त उपयोगाची. ते कसं, ते सांगतो.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मार्शल मॅदर्स, जन्म १९७२. लहानपण गरिबीत, सतत घरं आणि शाळा बदलत. मोठा झाला तो डेट्रॉइट आणि त्याच्या आसपास. 'एट माइल' हा तिथला रस्ता, शहर आणि उपनगर यांच्यामधली सीमा. १९९६ मध्ये पहिला अल्बम 'इन्फिनिट' आला, तो कुणी विचारलाही नाही. मग डॉक्टर ड्रे भेटला आणि १९९९ मध्ये 'द स्लिम शेडी एलपी' आला. २००० साली 'द मार्शल मॅदर्स एलपी' आला आणि एकट्या अमेरिकेत पहिल्या आठवड्यात सतरा लाखांच्या वर खपला. २००२ मध्ये 'द एमिनेम शो' आणि 'एट माइल' हा सिनेमा. त्यातल्या 'लूज युवरसेल्फ'ला २००३ मध्ये ऑस्कर मिळालं. रॅप गाण्याला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर. सहा-सात वर्षांत हे सगळं!

डिसेंबर २००५ मध्ये आला पहिला 'कर्टन कॉल'. नाटक संपलं, पडदा पडला, की नटमंडळी पुन्हा रंगमंचावर येऊन प्रेक्षकांना नमस्कार करतात ना, तो कर्टन कॉल. नाव ऐकूनच लोकांनी ओळखलं की गडी आता थांबणार. आणि तो संग्रह खरोखर भारी आहे. 'माय नेम इज'पासून 'मॉकिंगबर्ड'पर्यंत एकामागून एक बार. तो हिप-हॉपमधला असा पहिला अल्बम ठरला की जो अमेरिकेच्या 'बिलबोर्ड २००' या यादीत एकूण दहा वर्षं भरतील इतके आठवडे राहिला. दहा वर्षं! म्हणजे आपल्या डिग्रीचे अडीच फेरे, तेही एकही विषय राहिला नाही तर.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पुढची कुणाला नसते. २००५ च्या उन्हाळ्यातच त्याने युरोपचा दौरा रद्द केला होता आणि झोपेच्या गोळ्यांच्या सवयीवर उपचार घ्यायला गेला होता. एप्रिल २००६ मध्ये त्याचा लहानपणापासूनचा मित्र आणि साथीदार प्रूफ डेट्रॉइटमध्ये, त्याच एट माइल रस्त्यावरच्या क्लबमध्ये, गोळी लागून मेला. त्यानंतर हा पूर्ण ढासळला. गोळ्या वाढल्या. डिसेंबर २००७ मध्ये मेथाडोनचा ओव्हरडोस होऊन हॉस्पिटलात पोचला. अजून दोन तास उशीर झाला असता तर आपण नसतो, असं त्यानेच नंतर मुलाखतींत सांगितलंय. तिथून बाहेर पडल्यावर पुन्हा घसरला, पुन्हा उठला. २० एप्रिल २००८ ही तारीख तो आपली व्यसन सुटल्याची तारीख म्हणून पाळतो.

आता विचार करा. पस्तिशी उलटलेली. जिवलग मित्र गेलेला. रॅप हा तरुणांचा खेळ मानला जातो, आणि मैदानात नवी पोरं आलेली. त्यातून मेंदू पहिल्यासारखा चालेना. गोळ्यांतून बाहेर आल्यावर डोकं पुन्हा चालू व्हायला खूप वेळ लागला, हे त्याने स्वतः सांगितलंय. ज्या माणसाला जगातला सगळ्यात चलाख शब्दवाला म्हणत होते, त्याला शब्द पुन्हा एकमेकांना जोडायला शिकावं लागलं. 'कर्टन कॉल टू'ची सुरुवात खरं तर इथे व्हायला हवी.

पण होत नाही ना! हीच तर माझी मुख्य तक्रार आहे. हा संग्रह सुरू होतो 'गॉडझिला'ने. ते गाणं २०२० चं. म्हणजे गोष्टीचा शेवट पहिल्या पानावर. मग कधी २०११, कधी २०१७, कधी २०१०, पत्ते पिसल्यासारखी गाणी पुढे येत राहतात. एरवी असं चाललं असतं. पहिल्या 'कर्टन कॉल'मध्येही क्रम नव्हताच, पण तिथे सगळी गाणी एकाच स्फोटाचे तुकडे होती, कुठूनही उचला, गरमच लागणार. इथे मात्र क्रम हाच अर्थ आहे. पडलेला माणूस उठतो कसा, हे कळायचं तर आधी तो पडलेला दिसायला हवा.

शिवाय या जमान्यात असा संग्रह काढायचाच कशाला? सगळी गाणी मोबाइलवर आहेत, ज्याने त्याने आपापली प्लेलिस्ट करावी. उत्तर हिशोबात आहे. डिसेंबर २०१४ पासून 'बिलबोर्ड २००'मध्ये ऑनलाइन ऐकलेली गाणीही अल्बमच्या खपात धरली जातात. मग तीस गाजलेली गाणी एका नावाखाली बांधली की त्यांचं ऐकणं एका खात्यात जमा होतं. धंदा म्हणून डोकं चांगलं आहे. त्यात तीन नवी गाणी घातली, स्नूप डॉगबरोबरचं एक, 'एल्व्हिस' सिनेमातलं एक आणि फिफ्टी सेंटबरोबरचं जुनं, कपाटात राहिलेलं एक. ही नवी गाणी 'आहेत' एवढंच म्हणता येईल. टेक्स्टबुकाच्या नव्या आवृत्तीत प्रकाशक शेवटी चार प्रश्न वाढवतो, तशी.

दुसरी तक्रार. या वर्षांतली मोठी हिट गाणी बघा. 'लव्ह द वे यू लाय' आणि 'द मॉन्स्टर'मध्ये रिहाना, 'वॉक ऑन वॉटर'मध्ये बियॉन्से, 'रिव्हर'मध्ये एड शीरन, 'लायटर्स'मध्ये ब्रुनो मार्स. प्रत्येक ठिकाणी धृपद दुसऱ्याचं आणि कडवी याची. पहिल्या काळात 'स्टॅन'मध्ये डायडोचा आवाज होता, पण तो गोष्टीचा भाग होता. नंतर तो साचा झाला. 'हिट' हा निकष लावला की हीच गाणी वर येणार, कारण लोक गुणगुणतात ते धृपद. म्हणजे जगातल्या सगळ्यात पट्टीच्या रॅपरचा संग्रह, आणि त्यात निवड झाली ती रिहानाच्या आवाजावर! (रिहानावर माझा राग नाही. 'लव्ह द वे यू लाय' २०१० मध्ये अमेरिकेत सलग सात आठवडे पहिल्या नंबरवर होतं. मारहाणीच्या नात्यात अडकलेल्या जोडप्याचं ते गाणं गायला तिला काय लागलं असेल, हे २००९ साली तिच्यावर काय गुदरलं ते ठाऊक असलेल्यांना सांगायला नको.)

आता बहुमताच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. ते म्हणतात, नंतरचा एमिनेम नुसती कसरत करतो. शब्द वाढले, भावना आटल्या. कसरत तर आहेच. २०१३ चं 'रॅप गॉड' घ्या. सहा मिनिटं चार सेकंदांत १५६० शब्द. गिनीज बुकात नोंद आहे, हिट गाण्यातले सर्वाधिक शब्द म्हणून. म्हणजे सहा मिनिटं सेकंदाला सरासरी चारहून जास्त शब्द, तेही यमक सांभाळून. 'गॉडझिला'च्या शेवटी तर अर्ध्या मिनिटात सव्वादोनशेच्या आसपास शब्द येतात. आमच्या विंगमध्ये तीन जणांनी प्रयत्न केला. एकाला ठसका लागला.

पण 'कारागिरी आली की भावना गेली' हा आरोप आपल्या मराठीला नवा आहे का? शाळेतले मोरोपंत आठवा. आपल्या बारामतीचे, अठराव्या शतकातले. आर्या आणि यमकं यांवर पंतांची हुकमत अशी, की एकाच रामाची गोष्ट त्यांनी शंभराहून अधिक वेळा सांगितली, दर वेळी नवी अट घालून घेऊन. एक 'निरोष्ठ रामायण' आहे. त्यात प, फ, ब, भ, म ही अक्षरंच नाहीत. सगळं काव्य म्हणताना ओठाला ओठ लागत नाही! आता रामकथा सांगायला हे करायची गरज होती का? काडीची नव्हती. 'पंडिती काव्य' म्हणून लोकांनी नावं ठेवलीच. पण त्याच मोरोपंतांनी उतारवयात 'केकावली' लिहिली, देवाला घातलेली आर्त हाक, आणि तिच्यात यमकं कुठे कमी झालेली नाहीत. आयुष्यभर केलेली कसरत तिथे कामाला आली.

एमिनेमच्या मधल्या वर्षांकडे मी तसं बघतो. 'रॅप गॉड' हे त्याचं निरोष्ठ रामायण. डोकं बंद पडता पडता वाचलेला माणूस स्वतःला आणि जगाला दाखवतोय, की यंत्र चालू आहे बघा, पहिल्यापेक्षा जोरात चालतंय. यात भावना नाही कोण म्हणतो? चारशे मीटर धावणाऱ्याने पाय मोडल्यावर पुन्हा मैदानात येऊन पहिली फेरी मारली, तर आपण त्याला 'तू नुसते पाय हलवतोस' असं म्हणत नाही.

आणि त्याची केकावलीही याच वर्षांत आहे. ती म्हणजे 'हेडलाइट्स'. याची मागची गोष्ट माहीत हवी. आईशी त्याचं कधी पटलं नाही. त्याने मुलाखतींत आपल्याबद्दल जे सांगितलं त्यावरून आईने १९९९ मध्ये त्याच्यावर बदनामीचा दावा ठोकला होता. २००२ मध्ये त्याने 'क्लीनिंग आउट माय क्लोझेट' काढलं, आणि अख्ख्या जगासमोर आईची लक्तरं टांगली. गाणं प्रचंड गाजलं. पहिल्या 'कर्टन कॉल'मध्ये ते दिमाखात बसलंय. अकरा वर्षांनी, २०१३ मध्ये, 'हेडलाइट्स' आलं. त्यात तो आईची माफी मागतो. ते जुनं गाणं रेडिओवर लागलं की मला आता कसंतरी होतं, मी ते कार्यक्रमांत म्हणत नाही, असं तो गाण्यातच सांगतो. २०१४ च्या मदर्स डेला त्याचा व्हिडिओ आला, स्पाइक लीने केलेला, आईच्या नजरेतून दिसणारा. डिसेंबर २०२४ मध्ये आई गेली. ती असताना हे म्हणून झालं होतं.

आता सांगा, 'जुना एमिनेमच खरा' म्हणणाऱ्यांनी यातला कोणता खरा धरायचा? आई जगासमोर फाडणारा तिशीतला, की चाळिशीत स्वतःच्याच हिट गाण्याला खोडणारा? दुसऱ्या गाण्याचा खप पहिल्याच्या जवळपासही नाही. हिट्सच्या तराजूत पहिलं जड. पण रेकॉर्ड दुरुस्त करायला जी हिंमत लागते ती रेकॉर्ड तोडायला लागत नाही.

या वर्षांत तो सगळीकडे शहाणा झाला असं मात्र मी म्हणणार नाही. बायकांविषयी त्याच्या तोंडची भाषा या वर्षांतही अनेकदा किळसवाणी आहे. २०१८ च्या 'फॉल'मध्ये त्याने टायलर द क्रिएटरला उद्देशून समलिंगी लोकांना हिणवणारा शब्द वापरला. त्या गाण्यात ज्याचा आवाज आहे त्या बॉन इव्हेरच्या जस्टिन व्हर्ननने जाहीरपणे हात झटकले. मग एमिनेमने एका मुलाखतीत कबूल केलं की तिथे आपण फार पुढे गेलो. 'तो त्याचा पात्र म्हणून बोलतो' हा बचाव १९९९ मध्ये एकवेळ चालला. चाळिशी उलटल्यावर पात्राच्या मागे किती लपायचं? फॅन आहे म्हणून हे झाकायचं कारण नाही.

सपशेल पडलेले प्रयोगही या काळात आहेत. २००९ चा 'रिलॅप्स' चित्रविचित्र आवाज काढण्यात वाया गेला असं बऱ्याच जणांना वाटलं, आणि पुढच्या वर्षी 'नॉट अफ्रेड'मध्ये त्याने स्वतःच ते मान्य करून टाकलं. डिसेंबर २०१७ च्या 'रिव्हायव्हल'ला तर समीक्षकांनी धू धू धुतलं. त्याच अल्बममधलं 'वॉक ऑन वॉटर' नीट ऐका. कागद चुरगाळल्याचे आवाज, खोडाखोड, आणि एक चाळिशीतला माणूस विचारतोय की माझ्याच जुन्या गाण्यांशी मी आता बरोबरी करू शकतो का. लोकांनी उत्तर दिलं, 'नाही.' आठ-नऊ महिन्यांनी, ३१ ऑगस्ट २०१८ ला, काहीही जाहिरात न करता त्याने 'कामिकाझे' आणून टाकला, दात-ओठ खाऊन लिहिलेला. पडला, चिडला, पुन्हा लिहायला बसला. संग्रहात हे काहीच दिसत नाही, कारण संग्रहात मार्कशीटवरचे फक्त पास झालेले विषय छापतात.

आता हे सगळं आपल्या मॅगझिनमध्ये का? 'रिलायबिलिटी'च्या युनिटमध्ये आपण तो बाथटब कर्व्ह काढतो ना. सुरुवातीला बिघाड जास्त, शेवटी पुन्हा जास्त, आणि मध्ये लांबलचक सपाट रेघ. पेपरात लिहिताना आपण दोन टोकांवर अर्धं अर्धं पान भरतो आणि मधल्या रेघेला एक ओळ देतो. पण यंत्र आयुष्यभराची कमाई करतं ते त्या मधल्या रेघेवर. तिथेही बिघाड शून्य नसतो, कधीही येऊ शकतो. म्हणून तिथे मेंटेनन्स लागतो. डिझाइनमध्ये जायचं सगळ्यांना असतं, मेंटेनन्समध्ये कुणाला नको असतं. तेलाने माखलेले कपडे, रात्रीची शिफ्ट, आणि मशीन नीट चाललं तर कुणी शाबासकीही देत नाही. पहिला 'कर्टन कॉल' हे डिझाइन आहे. दुसरा मेंटेनन्सचा. आपल्यापैकी नव्वद टक्के लोकांचं आयुष्य दुसऱ्या प्रकारात जाणार आहे, हे आत्ताच मान्य केलेलं बरं.

अजून एक कारण आहे. आमच्या विंगमध्ये एक जण आहे, नाव सांगत नाही, त्याची परवानगी एवढ्यापुरतीच आहे. तो आमचा सिनियर होता. सेकंड इयरला वायडी लागला आणि आमच्या बॅचला आला. आम्ही अजूनही त्याला 'भाऊ' म्हणतो. ते मधलं वर्ष त्याने गावी काढलं. बरोबरीची पोरं पुढे गेलेली, घरात रोज कुणी ना कुणी पाहुणा 'सध्या काय करतोस?' विचारणारा. वादावादीत तो कधी पडत नाही. पण एका रात्री बहुमतवाले 'लूज युवरसेल्फ' लावून नाचत होते तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "गाणं एक नंबर आहे रे. पण ते म्हणतं की चान्स एकदाच येतो. ज्याचा एकदा हुकलाय त्याने हे ऐकून काय करायचं?"

कुणाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही तेव्हा नव्हतं. नंतर सुचलं ते इथे लिहितो. भाऊ, ज्याने ते गाणं लिहिलं त्यानेच पुढच्या वर्षांत ते खोटं पाडलं. २००३ मध्ये त्या गाण्याला ऑस्कर मिळालं तेव्हा हा बाबा समारंभाला गेलाच नव्हता, घरी झोपला होता. पुरस्कार त्याच्या सहकाऱ्याने, लुइस रेस्टोने, घेतला. एकदाच येणारी संधी गेली! मग फेब्रुवारी २०२० मध्ये, सतरा वर्षांनी, ऑस्करच्या त्याच सोहळ्यात तो काही न सांगता अवतरला आणि तेच गाणं म्हणाला. सगळं सभागृह उभं राहिलं. दोन तारखांच्या मध्ये मित्राचा मृत्यू, ओव्हरडोस, 'रिलॅप्स', 'रिकव्हरी', शिव्या, माफी, टीका, सगळं आलं. ती मधली सतरा वर्षं जगल्याशिवाय दुसरी संध्याकाळ आली नसती.

'रिकव्हरी' हा २०१० साली अमेरिकेत सगळ्यात जास्त खपलेला अल्बम होता. 'नॉट अफ्रेड' यादीत थेट पहिल्या नंबरवर उतरलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याला 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये घेतलं. त्याच्या सावल्या आपल्याकडेही पडल्यात. मुंबईच्या एमिवे बंटायने आपलं नावच एमिनेम आणि लिल वेन या दोघांच्या नावांतून घडवलंय. २०२४ मध्ये 'द डेथ ऑफ स्लिम शेडी' काढून त्याने स्वतःच्या जुन्या पात्राला मारायचा घाट घातला. म्हणजे नव्या-जुन्याचा आपल्या विंगमधला वाद त्याच्या डोक्यातही चालू आहेच!

तेव्हा माझी एक साधी सूचना. 'कर्टन कॉल टू' आहे तसा ऐकू नका. त्यातली आणि त्या वर्षांतली गाणी सालांप्रमाणे लावून घ्या. आधी 'ब्युटिफुल', जे त्याने व्यसनमुक्ती केंद्रात असताना लिहायला घेतलं होतं. मग 'नॉट अफ्रेड'. मग 'रॅप गॉड' आणि लगेच 'हेडलाइट्स', एकाच अल्बममधली कसरत आणि माफी. मग 'वॉक ऑन वॉटर', त्यावर उतारा म्हणून 'लकी यू'. मग 'डार्कनेस', २०१७ च्या लास वेगासच्या गोळीबारावरचं, अंगावर येणारं. आणि सगळ्यात शेवटी 'गॉडझिला'. साधारण पाऊण तास लागतो. जेवणानंतरची मेसपासून रूमपर्यंतची चाल आणि वर थोडं. तेवढ्या वेळात तो वेग कुठून आला हे कळतं, आणि मग ते सव्वादोनशे शब्द नुसते शब्द वाटत नाहीत.

ऐकून झाल्यावरही 'जुनाच खरा' म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. वाद घालायला मी आहेच, बी विंग, दुसरा मजला. फक्त सबमिशनच्या आठवड्यात येऊ नका.